इन्सुलिनचे प्रकार आणि डोस

इन्सुलिन हे स्वादुपिंडात बनणारं हार्मोन. डायबेटिसमध्ये ते बनतच नसेल किंवा कमी पडत असेल तर बाहेरून टोचून घ्यावं लागतं, कारण ते प्रोटीन आहे, गोळी करून गिळलं तर पोटात पचून जाणार. १९२१ ला टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्टने ते वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं. नंतर कित्येक वर्षं ते गाय-डुकराच्या स्वादुपिंडातूनच काढायचे, बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेलं ह्युमन इन्सुलिन १९८२ मध्ये आलं.

प्रकार पडतात ते किती लवकर लागू पडतं आणि किती वेळ टिकतं यावरून. लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट ही झटपट वाली, १०-१५ मिनिटांत सुरू, ३ ते ५ तासांत संपली, म्हणून ताटावर बसायच्या जरा आधी घ्यायची. साधं रेग्युलर मात्र जेवणाच्या अर्धा तास आधी. एनपीएच दुधाळ दिसतं, ते मधल्या पल्ल्याचं. ग्लार्जिन साधारण दिवसभर पुरतं, डेग्लुडेक त्याहून जास्त. आपल्याकडे खूप जणांना लिहून मिळतं ते ३०/७० मिक्स, म्हणजे ३० टक्के रेग्युलर नि ७० टक्के एनपीएच, दिवसातून दोनदा. स्वस्त आणि सुटसुटीत, पण जेवण वेळेवरच पाहिजे. सकाळी नेहमीचा डोस घेतला आणि आज चतुर्थी आहे म्हणून संध्याकाळपर्यंत नुसत्या चहावर राहिलं तर शुगर लो होणारच, त्यामुळे उपवासाचं डॉक्टरांना आधी विचारायचं.

टाइप १ मध्ये, म्हणजे इन्सुलिन बनतच नाही तिथे, ते टोचण्याशिवाय पर्याय नाही, दिवसाचा एकूण डोस बहुधा वजनाच्या किलोमागे ०.४ ते १ युनिट, त्यातलं साधारण निम्मं लाँग-अ‍ॅक्टिंग (ग्लार्जिनसारखं दिवसभर पुरणारं) आणि उरलेलं जेवणांना वाटून. टाइप २ मध्ये, म्हणजे ते कमी पडतं तिथे, बहुतेक वेळा आधी गोळ्या, त्या पुरेनाशा झाल्या की रात्री लाँग-अ‍ॅक्टिंगचे १० युनिट, मग उपाशीपोटीची शुगर बघत दर तीन दिवसांनी २-२ युनिट वाढवतात. किडनी कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर हात आखडता घेतात. हे आकडे ढोबळ आहेत, शेजारच्या काकांचा डोस आपल्याला चालत नाही.

इंजेक्शन पोटावर किंवा मांडीवर, रोज जागा बदलून, नाहीतर तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

सगळ्यात डेंजर घोळ सिरिंजचा. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं, पेनमधलं (पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, त्यात औषधाची छोटी नळी म्हणजे कार्ट्रिज असते) १००. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. पेनच्या कार्ट्रिजमधलं औषध ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात २५ युनिट, म्हणजे अडीचपट! शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी परत चेक करायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल.