जुने रंगीत दूरचित्रवाणी संच आणि पांढऱ्या रंगाचा वाद : पार्श्वभूमी

अमेरिकेत फिरत्या रंगचकतीच्या पद्धतीला १९५० साली मान्यता मिळाली होती. मात्र त्या पद्धतीचे चित्र घरोघरच्या कृष्णधवल संचांवर दिसत नव्हते आणि तिचे प्रक्षेपण १९५१ मध्येच काही महिन्यांत थांबले. संग्राहकांच्या दृष्टीने खरा इतिहास डिसेंबर १९५३ मध्ये मंजूर झालेल्या सुसंगत, म्हणजे कृष्णधवल संचांवरही चित्र दिसणाऱ्या, पद्धतीपासून सुरू होतो. १९५४ चा हजार डॉलरचा पंधरा इंची संच मानाचा खरा. पण त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये काच आणि धातू यांच्या सांध्यातून हवा शिरते. त्यामुळे बहुतेकांचा हात बसला तो पुढच्या एकवीस इंची गोल ट्यूबच्या संचांवर.

या संचांची जुळणी ठरावीक क्रमानेच करावी लागते. पडद्याची चुंबकीयता घालवल्यावर हिरवा व निळा इलेक्ट्रॉन झोत बंद करून योक (ट्यूबच्या मानेवरील, झोत वळवणारी वेटोळी) मागे ओढतात, मानेवरील चुंबकी कड्या फिरवून लाल गोळा मधोमध आणतात आणि सगळा पडदा एकसारखा लाल होईपर्यंत योक पुढे सरकवतात. कन्व्हर्जन्स (तिन्ही झोतांची चित्रे एकमेकांवर नेमकी बसवणे) त्यानंतर, आणि ग्रे स्केल (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा समतोल) सर्वांत शेवटी.

वाद आहे तो या शेवटच्या पायरीवर: पांढरा नेमका कोणता ठेवायचा? १९५३ च्या मानकातला पांढरा सुमारे ६,७७० केल्विनचा होता (आकडा जितका मोठा, तितका पांढरा निळसर). उत्पादकांनी मात्र पुढे तो ९,३०० केल्विनपर्यंत निळसर केला. लाल फॉस्फर (झोत पडताच उजळणारा पडद्यावरील लेप) मंद असल्याने निळसर पांढऱ्यात चित्र अधिक उजळ दिसे, आणि साठच्या दशकात आलेला सल्फाइडचा हिरवा फॉस्फरही रंगाच्या गडदपणाचा बळी देऊन उजेड वाढवणारा होता. या दोन्हींमुळे बिघडणारा त्वचेचा रंग सावरण्यासाठी डीकोडरमधील (संकेतातून रंग वेगळे काढणाऱ्या भागातील) लालाचा जोर वाढवण्यात आला. म्हणूनच अशा संचावर मूळ मानकाचा पांढरा बसवला की चेहरे तांबूस होतात, आणि ‘मानकच प्रमाण’ हा आग्रह तिथे टिकत नाही. पन्नाशीच्या दशकातील मूळ ट्यूब शाबूत असेल, तर मात्र निळसर पांढऱ्याला कसलेच समर्थन उरत नाही.

१९६४ मध्ये युरोपियमयुक्त लाल फॉस्फर आला आणि मंद लालाची सबब संपली, तरी निळसर पांढरा कायम राहिला. दुकानात शेजारच्या संचापेक्षा फिका दिसणे कोणालाच परवडत नव्हते. सत्तरच्या दशकात एका ओळीतील तीन झोतांची ट्यूब व तिच्यासोबत कारखान्यातच जुळवलेला योक आल्यावर कन्व्हर्जन्सचे बहुतेक काम संपले. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ते त्यानंतर. आज खरी अडचण मिश्र संचांची आहे: डीकोडर १९५७ चा आणि ट्यूब दुरुस्तीत बदललेली, दहा वर्षांनी नवी. तिथे डीकोडर बघून पांढरा ठरवायचा की फॉस्फर बघून, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही.