प्रकाशसाधन उद्योगातील शाश्वतता आणि सामाजिक उत्तरदायित्व

दिवे, फिटिंग्ज व त्यांची नियंत्रक उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांनी पर्यावरण, कामगार, ग्राहक आणि समाज यांच्याबाबत स्वतःहून पत्करलेली किंवा कायद्याने त्यांच्यावर आलेली जबाबदारी. देणग्या आणि वृक्षारोपण यांना वार्षिक अहवालांत भरपूर जागा मिळते; तरी या उद्योगाचे उत्तरदायित्व प्रथम त्याने विकलेल्या दिव्यात शोधावे लागते.

दिवा तयार करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या कितीतरी पट ऊर्जा तो जळताना खातो. सिग्निफाय (पूर्वीची फिलिप्स लायटिंग) या कंपनीने २०२० मध्ये आपले कामकाज कार्बन-तटस्थ (निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य) झाल्याचे जाहीर केले. असे दावे कंपनीच्या स्वतःच्या कामकाजापुरते असतात. विकलेल्या मालाच्या वापरातून होणारे उत्सर्जन ‘स्कोप ३’ या वेगळ्या खात्यात मोजतात, आणि दिव्यांच्या बाबतीत सर्वांत जड खाते तेच. तंतुदिव्यात (तापलेल्या तंतूच्या जुन्या बल्बमध्ये) विजेचा जेमतेम ५ टक्के भाग प्रकाशात उतरतो, बाकीची उष्णता होते. म्हणूनच युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात घरगुती वापराचे साधे तंतुदिवे टप्प्याटप्प्याने बंद केले.

आयुर्मानाचा प्रश्न जुना आहे आणि उद्योगाला अडचणीचाही. १९२४ मध्ये ऑसराम, फिलिप्स, जनरल इलेक्ट्रिकशी संलग्न कंपन्या इत्यादींनी जिनिव्हात ‘फीबस’ हा उत्पादकसंघ उभारला. सदस्यांचे बल्ब तपासले जात आणि ठरलेल्या १,००० तासांपेक्षा ते जास्त टिकले तर दंड बसे. जास्त तापणारा तंतू लवकर तुटतो पण तेवढ्याच विजेत अधिक प्रकाश देतो, हे कंपन्यांचे समर्थन तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. दंडाची तरतूद मात्र ग्राहकाच्या वीजबिलाच्या काळजीतून आली असेल असे मानणे कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धाबरोबर हा संघ मोडला.

एलईडीने हा प्रश्न सुटला नाही, त्याची जागा बदलली. चिप हजारो तास चालते. आधी निकामी होतो तो बहुधा ड्रायव्हर, म्हणजे चिपला योग्य वीजप्रवाह पुरवणारा भाग, कारण उष्णतेने त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा, आत द्रव असलेला घटक) सुकत जातो. बल्ब चिकटवून बंद केलेला असला, तर एवढ्याशा भागासाठी अख्खा दिवा भंगारात जातो. चिपमधून कमी प्रवाह सोडला तर ती थंड राहते आणि कार्यक्षमता वाढते. दुबईसाठी २०१६ मध्ये काढलेल्या बल्बमध्ये अधिक एलईडी वापरून, दर वॉटला सुमारे २०० ल्युमेन (प्रकाशाचे एकक) मिळवून हे दाखवले गेले. अर्थात जास्त चिप म्हणजे जास्त उत्पादनखर्च. सप्टेंबर २०२१ पासून युरोपीय नियमांनुसार फिटिंगमधील प्रकाशस्रोत व ड्रायव्हर सर्वसाधारण हत्यारांनी बदलता यावेत, अशी अपेक्षा आहे; अपवाद तांत्रिक कारण दिल्यासच. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २०१५ मध्ये वेगळा करार झाला. फिटिंग्जची मालकी फिलिप्सकडेच राहिली आणि विमानतळ फक्त प्रकाशाचे पैसे देऊ लागला. असा दिवा टिकण्यात बनवणाऱ्याचाच फायदा असतो.

विषारी द्रव्यांचा इतिहास कमी उजळ आहे. नळीदिव्यांच्या फॉस्फरमध्ये (आतल्या चकाकणाऱ्या लेपात) पूर्वी बेरिलियम हा विषारी धातू असे. त्याच्या धुळीने १९४० च्या दशकात अमेरिकेतील सेलम येथील दिवे-कारखान्यातील कामगारांना फुप्फुसाचा गंभीर विकार जडला. १९४९ मध्ये अमेरिकी उत्पादकांनी तो वापर थांबवला. पारा मात्र राहिला. सीएफएलमध्ये (छोट्या वळवलेल्या नळीच्या फ्लुरोसंट दिव्यात) तो काही मिलिग्रॅमच असतो, पण फुटलेले दिवे कचऱ्यात मिसळले की तो हवेत आणि पाण्यात जातो. पाऱ्यावरील २०१३ च्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय कराराच्या पक्षदेशांनी सर्वसाधारण वापराच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत संपवायचे २०२३ मध्ये ठरवले. जुने दिवे गोळा करण्याचा खर्च उत्पादकाने उचलावा, हे तत्त्व युरोपात २००३ च्या ई-कचरा निर्देशाने आले.

वीज न पोचलेल्या भागांत सौरकंदील देणे हा या क्षेत्रातील लोकप्रिय उपक्रम. रॉकेलचा धूर त्याने टळतो. बॅटरी बदलण्याची सोय नसेल तर काही वर्षांनी कंदील नुसता खोका उरतो.

स्वस्त प्रकाशाचा वापरही वाढतो. रात्रीच्या आकाशाची चमक, कीटक व पक्षी यांची दिशाभूल, माणसाच्या झोपेवर निळसर प्रकाशाचा परिणाम हे प्रश्न ल्युमेन-प्रति-वॉटच्या हिशोबात दिसत नाहीत. वरचा भाग झाकलेल्या फिटिंग्ज, ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमान (म्हणजे पिवळसर, कमी निळा प्रकाश) आणि मध्यरात्रीनंतर मंद होणारे दिवे हे त्यावरचे माहीत असलेले उपाय. त्यांतल्या शेवटच्या उपायाने वीजही वाचते.