निक्सन यांची चीन भेट (१९७२)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २१ ते २८ फेब्रुवारी १९७२ या काळात चीनच्या जनता प्रजासत्ताकाला दिलेली भेट. पदावर असलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने चीनला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. १९४९ पासून अमेरिका तैवानमधील चँग कै-शेक यांच्या सरकारलाच चीनचे अधिकृत सरकार मानत होती आणि कोरियन युद्धात दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर लढल्या होत्या. १९५४ च्या जिनीव्हा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी हस्तांदोलन नाकारल्याचा सल चिनी नेत्यांच्या मनात कायम होता. बीजिंगच्या विमानतळावर शिडीवरून उतरताच निक्सन यांनी स्वतःहून हात पुढे केला, तो हा संदर्भ ध्यानात ठेवूनच. त्या क्षणाच्या छायाचित्रात दुसरे कोणी येऊ नये, यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांना विमानातच थोपवून धरण्यात आले होते.

या भेटीची खरी कारणे मॉस्कोशी निगडित होती. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतील एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैन्यात चकमकी झडल्या आणि चीनला उत्तरेकडचा शेजारी अमेरिकेपेक्षा अधिक धोक्याचा वाटू लागला. निक्सन यांना व्हिएतनाममधून बाहेर पडण्याचा मार्ग हवा होता आणि सोव्हिएत संघावर दबाव आणण्याचे साधनही हवे होते. एप्रिल १९७१ मध्ये जपानमधील नागोया येथे जागतिक टेबल टेनिस स्पर्धा चालू असताना अमेरिकी खेळाडू ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढला, चीनचा माजी विश्वविजेता चुआंग त्से-तुंग याने त्याला रेशमी चित्र भेट दिले आणि त्याच महिन्यात अमेरिकी संघ चीनमध्ये खेळायला गेला. ‘पिंगपाँग मुत्सद्देगिरी’ म्हणून गाजलेल्या या प्रसंगाने वातावरण निवळले, पण महत्त्वाच्या वाटाघाटी पडद्याआडच झाल्या.

या वाटाघाटी पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान यांच्या मध्यस्थीने पुढे सरकल्या. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर जुलै १९७१ मध्ये दिल्लीत थांबून पाकिस्तानात गेले आणि पोट बिघडल्याचे निमित्त सांगून तेथून गुप्तपणे बीजिंगला पोहोचले. १५ जुलैला निक्सन यांनी नियोजित दौरा जाहीर केला, तेव्हा जगाला धक्का बसला. भारतीय वाचकाला या प्रकरणाची दुसरी बाजू विसरता येत नाही: पूर्व पाकिस्तानात लष्कराचे अत्याचार चालू असतानाही वॉशिंग्टन याह्या खान यांना दुखवायला तयार नव्हते आणि त्यामागे हा चीनचा दुवा टिकवणे हे एक मोठे कारण होते. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या मैत्री करारालाही या नव्या समीकरणाची पार्श्वभूमी होती.

प्रत्यक्ष दौऱ्यात बीजिंग, हांगजौ आणि शांघाय ही शहरे होती. माओ त्से-तुंग त्या वेळी आजारी होते. पहिल्याच दिवशी ते निक्सन यांना सुमारे तासभर भेटले. या भेटीतून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना वगळण्यात आले आणि किसिंजर यांचे सहायक विन्स्टन लॉर्ड मात्र हजर राहिले. रॉजर्स यांचा मान राखण्यासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांतून लॉर्ड यांना कापून टाकण्यात आले. दौऱ्याच्या अखेरीस निघालेल्या शांघाय निवेदनाची रचना वेगळी होती. मतभेद झाकण्याऐवजी दोन्ही पक्षांनी आपापल्या भूमिका त्यात स्वतंत्रपणे मांडल्या; चीनने जम्मू-काश्मीरच्या स्वयंनिर्णयाला पाठिंबा नोंदवला तोही त्यातच. तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी लोक चीन एकच असल्याचे मानतात, याची अमेरिकेने दखल घेतली आणि मूळ प्रश्न तसाच ठेवला. पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १ जानेवारी १९७९ उजाडला, तोवर निक्सन वॉटरगेट प्रकरणात पायउतार झाले होते आणि माओ व चौ हयात नव्हते. ‘जग बदलून टाकणारा आठवडा’ असे निक्सन यांनी शांघायमध्ये केलेले वर्णन म्हणूनच थोडे सढळ वाटते.

दृश्यांच्या बाबतीत मात्र ते फारसे अतिशयोक्त नव्हते. उपग्रहाद्वारे थेट प्रक्षेपण होत असल्यामुळे बीजिंगच्या ‘ग्रेट हॉल ऑफ द पीपल’ या सभागृहातील रात्रीची मेजवानी अमेरिकी कुटुंबांनी सकाळच्या वेळी दूरचित्रवाणीवर पाहिली: काड्यांनी जेवणारे निक्सन, माओताई मद्याचे प्याले आणि अमेरिकी गाण्यांच्या चाली वाजवणारा चिनी सैन्याचा (जनमुक्तिसेनेचा) बँड. निवडणुकीच्या वर्षात या चित्रांचे मोल निक्सन यांच्या प्रचारकांना चांगलेच ठाऊक होते. अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांना यानंतर नवे गिऱ्हाईक मिळाले. ॲक्युपंक्चरविषयीचे कुतूहल त्याआधीच जागे झाले होते. जुलै १९७१ मध्ये पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या त्रासावर केलेल्या सुयांच्या उपचाराबद्दल त्यांनी लिहिलेला लेख खूप वाचला गेला.

सर्वांत लोकप्रिय ठरली ती पांडांची जोडी. मेजवानीच्या वेळी निक्सन यांच्या पत्नी पॅट यांनी सिगारेटच्या डबीवरील पांडाचे चित्र पाहून कौतुक केले आणि चौ यांनी पांडा देण्याचे कबूल केले. लिंग-लिंग आणि शिंग-शिंग एप्रिल १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात आले. अमेरिकेने बदल्यात मिल्टन आणि माटिल्डा हे दोन कस्तुरी बैल पाठवले, ज्यांची आठवण आज क्वचितच कोणी काढतो. पुढे चीनने पांडा भेट देणे थांबवून ते मुदतीवर देण्यास सुरुवात केली. सप्टेंबर १९७३ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने युजीन ऑर्मंडी यांच्या नेतृत्वाखाली चीनचा दौरा केला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पाश्चात्त्य संगीतावर बंधने असल्यामुळे या दौऱ्याचे महत्त्व चिनी संगीतकारांच्या दृष्टीने राजकारणाहून मोठे होते.

कलेच्या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ फलित म्हणजे अमेरिकी संगीतकार जॉन ॲडम्स यांचा ‘निक्सन इन चायना’ हा ऑपेरा. ॲलिस गुडमन यांची संहिता आणि पीटर सेलर्स यांचे दिग्दर्शन असलेला हा प्रयोग २२ ऑक्टोबर १९८७ रोजी ह्यूस्टनमध्ये प्रथम झाला. बहुतेक पात्रे हयात असताना ताज्या इतिहासावर ऑपेरा रचणे अनेकांना खटकले होते. तरी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने तो आपल्या रंगमंचावर आणला. त्यातील निक्सन विमानातून उतरताना बातमीच्या गूढतेवर गातात. इंग्रजी राजकीय भाषेतही ‘चीनला निक्सनच जाऊ शकतात’ असा वाक्प्रचार रूढ झाला: कडव्या साम्यवादविरोधी नेत्यावर देशद्रोहाचा आरोप करणे विरोधकांना अवघड जाते, म्हणून शत्रूशी तडजोड तोच करू शकतो, असा त्याचा आशय. अटलबिहारी वाजपेयी यांच्या १९९९ च्या लाहोर बसयात्रेबाबतही भारतात असाच युक्तिवाद केला गेला.