वरातीत पोलीस आले तर : मंडप-साउंड बुक करणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

ग्राहक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

लग्न असो, गणपती असो की दिवाळीनंतरची मंडई (गावजत्रा), बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दहानंतर चालते ना भाऊ?" चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणांचे मोजके दिवस, वर्षाला जास्तीत जास्त १५, शासन १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. घरच्या लग्नाची तारीख त्यात आपोआप येत नाही.

आम्हाला काळजी आहे ती आवाज बंद करायला पोलीस आल्यानंतरच्या पाच मिनिटांची. मागं एका वरातीत, आमच्याच साउंडवर नाचणाऱ्या पोरानं बीट जमादाराची कॉलर धरली. मारलं नाही, नुसती धरली. पोरगा भरतीसाठी रोज पहाटे धावायचा. आता कोर्टाच्या तारखा करतो, आणि गुन्हा दाखल आहे हे चारित्र्य पडताळणीत निघतंच. त्याचे वडील दुकानात येऊन अर्धा तास काहीच न बोलता बसले होते. त्या दिवशी हे पत्रक छापायचं ठरवलं.

लोक अजून "३५३ लागला" म्हणतात, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो गुन्हा कलम १३२ मध्ये आला : कर्तव्यावरच्या लोकसेवकाला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यातून जामीन हक्कानं मागता येत नाही. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं.

"आम्ही हात कुठं लावला?" हे आम्ही फार वेळा ऐकलं आहे. कायद्यातल्या 'हल्ल्या'ला हात लागावाच लागत नाही. काठी उगारून अंगावर धावून गेलं, समोरच्याला आता मार बसणार असं वाटलं, की पुरे. नुसते शब्द हल्ला ठरत नाहीत, पण "काम करशील तर पाहून घेतो" अशी इजेची धमकी हा कलम २२४ खाली वेगळा गुन्हा आहे. त्यालाही २ वर्षांपर्यंत कैद आहे. वाट अडवून कामात अडथळा आणला तर कलम २२१ : ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कामापासून रोखताना दुखापत केली तर कलम १२१ लागतं आणि कैद ५ वर्षांपर्यंत जाते. दुखापत गंभीर असेल तर किमान १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं, आणि वर दंड. गंभीर म्हणजे डोकंच फुटायला हवं असं नाही. धक्काबुक्कीत शिपाई पडला, त्याचं हाड मोडलं किंवा दात पडला, तरी ती गंभीर दुखापत.

वरातीत आणखी एक धोका असतो. पाच किंवा जास्त जण मिळून पोलिसांना विरोध करायला उभे राहिले की तो बेकायदेशीर जमाव होतो. मग त्या हेतूनं एकानं दगड मारला तरी जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याला जबाबदार धरला जातो. नवरदेवाचा भाऊ असला तरी.

हेच संरक्षण तलाठी, वनरक्षक आणि एसटीच्या कंडक्टरलाही आहे.

पोलीस चुकत असेल तर? कधी चुकतोही, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याची कृती कायद्यात तंतोतंत बसत नसली तरी, तो सद्भावनेनं कर्तव्य करत असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची खरीखुरी भीती असेल तरच तो मिळतो. म्हणून त्या वेळी साउंड बंद होऊ द्या. छातीवरच्या पट्टीवरचं नाव, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा. व्हिडिओ काढायचा तर लांबून काढा. दुसऱ्या दिवशी ठाणेदारांकडे लेखी तक्रार द्या, तिथं दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. त्यापुढं कोर्ट आहेच.

आमच्या ऑपरेटरला सक्त सूचना आहे : पोलिसांनी सांगितलं की मिक्सर बंद. त्याच्यावर चिडू नका, पैशासाठी अडवू नका. उरलेल्या वेळेचा हिशेब आम्ही दुकानात करून देऊ.

बुकिंगच्या वेळी घरातल्या दोन मोठ्या माणसांची नावं आणि मोबाइल नंबर आमच्या वहीत लिहून द्या. ज्यांचं पोरं ऐकतात, अशांची. पावणेदहाला आमचा ऑपरेटर आधी त्यांनाच फोन लावेल.