क्रोशे की सुयांवरचं विणकाम? चवथीची भेट घेण्याआधी

दोन वर्षांपूर्वी गणेशचवथीच्या तोंडावर किनाऱ्याजवळच्या एका बाजारातून मी वहिनीसाठी पांढरा जाळीदार टॉप घेतला. विकणाऱ्याने "हातचं क्रोशे" म्हणून सांगितलं आणि घरी येऊन मीही तेच सांगितलं. फोंड्याच्या मावशीने टॉप हातात घेतला, उलटा केला, बगलेची शिवण दोन बोटांनी फाकवून पाहिली. "हे क्रोशे नाही गो. मशीनवर विणून कातरीने कापलंय. कड बघ, धागे सुटू नयेत म्हणून मशीनने ओव्हरलॉक मारलंय." दुसऱ्याच धुण्यात त्या शिवणीतून एक धागा निसटला आणि खाली वीतभर शिडी उतरली. वहिनी काही बोलली नाही, पण माझा शब्द खोटा पडला हे मला फार लागलं.

गोंधळाचं मूळ आपल्या क्रियापदातच आहे. हातमागावर साडी विणतात, दोन सुयांवर स्वेटर विणतात आणि आकड्याच्या सुईने, म्हणजे क्रोशाने, तोरणही विणतात. हातमाग सहज वेगळा काढता येतो, तिथे उभे-आडवे धागे असतात. उरलेल्या दोन्हींत मात्र एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवलेले असतात, म्हणून फसायला होतं.

सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. साठ टाके घातले तर साठही उघडे, आणि प्रत्येकाला आधार वरच्या ओळीचा. एक निसटला की तो खालच्या ओळींतून सरसर उतरतो. क्रोशाची सुई एकच, टोकाला आकडा असलेली. ज्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आलं त्याचा अर्थच छोटा आकडा. इथे एक खांब, म्हणजे क्रोशाचा एक टाका, पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही आणि पुरा झाला की सुईवर एकच फास उरतो. मावशी म्हणूनच काम कुठेही सोडून उठते. पेज उतरवून येते, गेटवर पोदेर आला तर पाव घेऊन येते आणि त्याच फासात सुई घालून पुढे चालू लागते.

डोळ्यांनी ओळखायचं तर सुयांवरच्या सुलट बाजूला वेणीच्या पेडांसारख्या उभ्या रांगा दिसतात आणि कापड ओढलं की ताणून परत जागेवर येतं. क्रोशात साखळी, मुका खांब, खांब असे एकेक टाके सुटे मोजता येतात. वीण जाडसर असते, फारशी ताणत नाही, म्हणून दिलेला आकार धरून राहते.

भेट घेणाऱ्याला यापेक्षाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. सुयांवरच्या विणीला यंत्र फार जुनं. 1589मध्येच इंग्लंडात विल्यम ली यांनी मोजे विणण्याची चौकट तयार केली होती. टाके ओळीने उभे असतात, त्यामुळे सुयांची रांग लावून यंत्राला ते जमतं. क्रोशाची सुई मात्र मागच्या कुठल्याही टाक्यात शिरते, दिशा बदलते, मधूनच गोल फिरते. बाजारातला माल काढील असं खऱ्या क्रोशाचं यंत्र आजही नाही. मीटरवर मिळणारी "क्रोशे लेस" ही यंत्रावरची, फक्त तशी दिसणारी जाळी. म्हणजे वस्तू खरंच क्रोशाची असेल तर ती कुणाच्या तरी हातांनीच झालेली असणार. मावशीला पाच पानांचं तोरण करायला रोज दुपारी दोन तास बसून तीन आठवडे लागतात. हे चाळीसेक तास डोळ्यांसमोर ठेवावेत आणि मग समोरच्या वस्तूची किंमत वाचावी. अगदीच स्वस्त असेल तर एक तर ते क्रोशे नाही, नाही तर विणणारीला तिचा मोबदला मिळालेला नाही. मला दोन्ही नको वाटतं.

पारखताना वस्तू उलटी करा. आकार कापून आणलेला असेल आणि कडेला ओव्हरलॉक असेल तर सोडून द्या. क्रोशाचा आकार विणतानाच टाके वाढवून-कमी करून येतो, त्याला कातर लावत नाहीत. हाताने विणलेला स्वेटर आणि यंत्रावरचा स्वेटर वेगळा ओळखणं याहून कठीण. तिथे विणणारी माहितीतली असलेली बरी.

आपल्या गोव्याच्या हवेत लोकरीची गरज फारशी पडत नाही, त्यामुळे इथे सुती दोऱ्याचं क्रोशेच अधिक शोभतं. चवथीला दाराचं तोरण, नेवऱ्यांच्या ताटावरचं थालपोस, देवाच्या चौरंगाची झालर यांना आकार धरून राहणारी वीणच हवी. गोल रुमाल मधल्या एका कड्यापासून फेऱ्याफेऱ्यांनी वाढत जातो. नाताळात आमच्या शेजारच्या घरून बेबिंक, दोदोल, नेवऱ्यांचं ताट येतं, त्यावरही असाच रुमाल असतो. सगळ्यात आधी आम्ही तो रुमालच हातात घेऊन बघतो.

तान्ह्या बाळाला मात्र जाळीदार क्रोशे देऊ नये, बोटं भोकांत अडकतात. त्याला सुयांवर घट्ट विणलेली मऊ सुती टोपी द्यावी, डोकं वाढलं तरी ती ताणते. लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या भाच्याला लोकरीचा मफलर पाठवावा. इथे तो पावसाळ्यात दमट होतो आणि कसर लागते.

क्रोशे धुताना पिळू नये. मावशी पेजेच्या निवळीची पातळ खळ देते, जुन्या पाटावर कापड घालून टाचण्यांनी फुलाची एकेक पाकळी ताणते आणि सावलीत वाळवते. पावसाळ्याआधी पेटीत ठेवायचं असेल तर खळ पूर्ण धुऊन काढायची, नाहीतर तिच्यासाठी किडे येतात.

भेटीबरोबर त्याच दोऱ्याची एक लहान गुंडी द्यायची हेही मी तिच्याकडूनच शिकले. पुढे कुठे तुटलं तर रंग जुळवत बाजारभर फिरावं लागत नाही. यंदा वहिनीसाठी मी स्वतः थालपोस विणते आहे. सोळा फुलांपैकी अकरा झाली आहेत. तिसऱ्या फुलात एक खांब कमी पडला होता, तो मावशीने बरोबर शोधला आणि मला उसवायला लावलं.