रिजेक्शन (खराब निघणारा माल) कमी करायचंय? आधी एक नोंदवही ठेवा

(आमच्या फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून माल काढणाऱ्या, ग्राहकांसाठी माहितीपत्रक : वाळू चाचणी, धातू चाचणी, प्रक्रिया सल्ला)

मशिन शॉपवरून फोन येतो, ‘तुमच्या मालात होल निघालंय.’ पाठोपाठ डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी. मग मालक पिशवीत वाळू भरून आमच्या काउंटरवर येतात आणि म्हणतात, ‘बघा बरं, काय चुकतंय ते.’

आम्ही बघतो, रिपोर्टही देतो. पण पिशवीतली वाळू आजची असते आणि माल गेल्या आठवड्यातला. ज्या वाळूत त्याचा मोल्ड (साचा) झाला, ती एव्हाना कितीतरी वेळा मिक्सरमधून फिरलेली असते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल-हातकणंगले अशा सगळ्या पट्ट्यात हेच चालतं, म्हणून हे पत्रक छापलं.

वहीत काय लिहायचं

तारीख, पाळी, हिट नंबर (भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूचा), पॅटर्न नंबर (ज्या नमुन्यावरून साचा बनतो त्याचा), किती ओतले, किती गेले. एवढं बहुतेक जण लिहितात. राहतं ते शेवटचं आणि सगळ्यात कामाचं : होल पीसवर कुठं आहे आणि आतून कसं दिसतं. आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर बहुधा गॅस. खडबडीत, दाणेदार असेल आणि जाड भागात असेल तर श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), म्हणजे रायझरकडं (आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या भागाकडं) बघायचं. कोअरला (मालात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला) लागून असेल तर कोअर नीट भाजला गेलाय का, व्हेंट (गॅस बाहेर जायचं भोक) मोकळं आहे का, हे आधी तपासा. ‘ब्लो होल ६ पीस’ एवढंच लिहिलं तर आम्हालाही पत्ता लागत नाही.

आमच्या एका ग्राहकाकडं पंपाच्या बॉडीत होल यायचं. वाळू पुरवणारा बदलून झाला, मोल्डरला बोलून झालं, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) वाढवून झालं. महिनाभर वही भरल्यावर दिसलं की सकाळचा माल जवळपास स्वच्छ, गोंधळ सगळा दुपारनंतरचा. आम्ही दुपारी चारला गेलो आणि मिक्सरमधून पडणाऱ्या वाळूत हात घातला, तर चटका बसला. तीच वाळू सकाळपासून फिरत होती, गार व्हायला तिला वेळच नव्हता. गरम वाळूतलं पाणी मोल्ड होईपर्यंत उडतं, त्याची वाफ थंड कोअरवर जाऊन बसते, वाळू पॅटर्नला चिकटते. माणूस मग अंदाजानं आणखी पाणी मारतो आणि ओतताना गॅस होतो. उपाय साधा निघाला : चक्रात वाळू वाढवली, नॉकआउटनंतर (साचा फोडून माल काढल्यावर) लगेच पाणी मारून ती पसरायला लावली. मालक मात्र तोवर नव्या मिक्सरचं कोटेशन घेऊन बसले होते.

खराब माल पुन्हा भट्टीत जातो, मग नुकसान कसलं?

हा प्रश्न हमखास येतो. लोखंड परत मिळतं, खरं आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. महिन्याला १०० टन कास्टिंग काढता आणि ८ टक्के जातात असं धरा : ८ टन, म्हणजे ४,८०० युनिट, तेही फक्त वितळवण्याचे. मोल्डिंग, कोअर, फेटलिंग (मालाची साफसफाई) यांची मजुरी आणि मशिन शॉपनं लावलेला मशिनिंगचा खर्च वेगळा. आपलं वीजबिल समोर ठेवून हा हिशोब एकदा कराच.

नमुना कसा आणायचा

वाळू मिक्सरमधून घ्या, ढिगाऱ्यावरून नको. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून तासाभरात आणा. याला कारण आमचीच एक चूक आहे. मे महिन्यात एकाची वाळू उघड्या पिशवीत, मोटारसायकलला अडकवून आली. आम्ही तशीच तपासली, ओलावा कमी दाखवला आणि ‘पाणी वाढवा’ असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निम्मा माल गेला. वाळू फाउंड्रीत ठीकच होती, वाटेत वाळली होती. तेव्हापासून उघडी पिशवी आम्ही परत पाठवतो. कृपया राग मानू नका.

वाळूचा नमुना आम्ही ५० मिलिमीटर व्यासाचा, ५० मिलिमीटर उंचीचा करतो, रॅमरचे तीन ठोके देऊन. त्यावर ताकद आणि हवा जाण्याची क्षमता मोजतो. ओलावा आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) वेगळी घेतो. यातली कॉम्पॅक्टेबिलिटी रोज आपल्याकडंच मोजता येते. ते उपकरण महाग नाही आणि आमच्याकडं येण्याचा तुमचा निम्मा फेरा वाचतो.

धातूसाठी कॉइन (नाण्यासारखी नमुन्याची चकती) तांब्याच्या साच्यात झटकन गोठवलेलं हवं. तोडल्यावर पांढरं दिसलं पाहिजे. राखाडी दिसलं तर आत ग्राफाइट सुटलंय, मग स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) कार्बनचा आकडा चुकीचा दाखवतो. ताणचाचणीचा बार त्याच हिटमधून ओता. एफजी २६० (राखाडी ओतीव लोखंडाची एक प्रत) म्हणजे बारची ताकद किमान २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. दुसऱ्या हिटचा चांगला बार आणून रिपोर्ट घ्यायची युक्ती आम्हाला माहीत आहे. त्यात फसते ती तुमचीच फाउंड्री.

एसजी आयर्न करणाऱ्यांसाठी

एसजी आयर्न म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड. त्यासाठी घातलेलं मॅग्नेशियम टिकत नाही. ट्रीटमेंट (मॅग्नेशियम घालणं) झाल्यापासून ते उडायला लागतं. लॅडलमधला (ओतायच्या भांड्यातला) पहिला मोल्ड उत्तम आणि शेवटच्यात ग्राफाइटचे गोळे बिघडलेले, असं होतं ते यामुळंच. भिंतीवर घड्याळ लावा, ट्रीटमेंटची वेळ खडूनं लिहा आणि दहा मिनिटांत ओतणं संपवा. तपासणीचा नमुना नेहमी शेवटच्या मोल्डचा आणा. पहिला आणून आपलं समाधान होतं, एवढंच.

सरकारी योजना आणि स्वतःची कल्पना

लहान-मध्यम उद्योगांच्या दर्जासाठीच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन टप्पे आहेत. उद्यम नोंदणी लागते. शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत आहे. अर्जाआधी पोर्टलवर चालू नियम बघून घ्या. कागद तयार करायला आम्ही मदत करतो, पण जी नोंद ठेवलेलीच नाही ती लिहून देत नाही.

जिगमध्ये (काम पकडून धरायच्या साधनात), कोअरबॉक्समध्ये (कोअरच्या साच्यात) काही नवं केलं असेल तर ते प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी पेटंटच्या माणसाला दाखवा. आधी जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होऊन बसतं. मान्य झालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि लहान उद्योगांना शुल्कात मोठी सवलतही आहे.

येताना

वही आणा, वाळू डब्यात आणा आणि खराब पीस भट्टीत टाकण्याआधी एक तरी बाजूला काढून ठेवा, न फोडता. होल कुठून कापून बघायचं ते आम्ही ठरवू.