बटण सोलापुरात, अक्षर पुण्यात

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. ऑपरेटर इथं बसलेला, हिशेबाची टॅली चालते पुण्याच्या सर्व्हरवर; रिमोट डेस्कटॉपमुळं तिचा पडदा इथं दिसतो. पत्त्यात तो इनस्क्रिप्टनं (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) ‘सोलापूर’ टाइप करतो आणि समोर एम-ए-एन-ई-एच-टी-जे अशी इंग्रजी अक्षरं उमटतात. मग केबल हलवून बघायची, शेजारचा कीबोर्ड लावून बघायचा, हे ठरलेलं. पण बिघाड तिथं नाहीच. स एमवर, ओकार एवर, ल एनवर, काना ईवर, प एचवर, दीर्घ ऊकार टीवर, र जेवर. सातही बटणं पुण्यात बिनचूक पोचली; त्यांचा अर्थ तिकडे इंग्रजीत लावला गेला, एवढंच.

अर्थ कुणी लावायचा, याची सोय १९८१ सालच्या आयबीएम पीसीत ठरली. त्याचा ८३ बटणांचा कीबोर्ड अक्षर पाठवतच नव्हता. तो बटणाची जागा सांगणारा आकडा पाठवायचा: स्कॅन कोड. के दाबलं की षोडशमान पद्धतीत (सोळावर आधारित, ए ते एफही आकडेच) २५, सोडलं की ए५. त्या आकड्याचं अक्षर करायचं काम संगणकातल्या लेआउटचं, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर या तक्त्याचं. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं इनस्क्रिप्ट प्रमाणित केलं ते याच सोयीवर बसतं. सोलापूरकरांना त्यातली एक गंमत लगेच कळेल: के दाबलं की मराठीत क, तेलुगूत क आणि कन्नडमध्येही क.

१९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची संवादपद्धत, आली. एकाच विंडोजवर अनेकांना काम करू देणाऱ्या, सिट्रिक्स कंपनीच्या मल्टिविन तंत्रावर आणि टी.१२८ या आंतरराष्ट्रीय मानकावर ती उभी होती. तिनं जुनीच रीत तारेवर चढवली: स्कॅन कोड आणि ‘दाबलं’ की ‘सोडलं’ ही खूण. सोबत जोडणीच्या वेळी लेआउटचा क्रमांक जातो: अमेरिकन इंग्रजी ४०९, भारतीय इंग्रजी ४००९, मराठी ४४ई.

वरच्या सोलापूरची गोम पुढच्या टप्प्यात आहे. जोडणीनंतर विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलली, पण रिमोट खिडकी पूर्ण पडदाभर नसेल, तर ही जोडी इथलाच संगणक गिळतो. टास्कबारवर मराठी दिसतं आणि पुण्यात इंग्रजीच राहतं. उपाय: रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’, तिथं कीबोर्डखाली ‘ऑन द रिमोट कम्प्युटर’ निवडायचं. सर्व्हरवर त्या युजरच्या खात्यात मराठी जोडलेली हवीच. विंडोज १० मध्ये २०१९ साली आलेला मराठी फोनेटिक (उच्चारानुसार टाइप करायचा) कीबोर्डही तिकडेच हवा. इथं बसवून उपयोग नाही, कारण इथून अक्षर निघतच नाही.

आकड्यांच्या पॅडचं दुखणं तर थेट त्या ८३ बटणांतून आलेलं. त्यावर वेगळे बाण नव्हते. पॅडच दोन्ही कामं करायचा. पुढं १०१ बटणांच्या कीबोर्डावर बाण वेगळे आले, पण कोड जुनाच ठेवून त्याच्या आधी ई० लावला. पॅडवरचा ४ आणि डावा बाण, दोघांचाही कोड ४बी. आकडा की बाण हे नम लॉक ठरवतं. आता इथला नम लॉकचा दिवा पेटलेला आणि सर्व्हरवर नम लॉक बंद, अशी फारकत झाली की १४४ नग टाकताना एकही आकडा उमटत नाही: १ चा एंड होतो, ४ चा डावा बाण, पुन्हा डावा बाण. रिमोट खिडकीबाहेर क्लिक करून इथलं नम लॉक सुरू आहे ना ते बघा आणि परत आत क्लिक करा. खिडकी पुढं आली की क्लायंट (इथला रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅम) नम, कॅप्स आणि स्क्रोल लॉकची स्थिती नव्यानं कळवतो.

दूरचा संगणक चालवायचा दुसरा प्रोग्रॅम व्हीएनसी, तोही १९९८ चाच, केंब्रिजच्या ऑलिव्हेटी आणि ओरॅकल यांच्या प्रयोगशाळेतला. त्यानं उलटी वाट धरली: बटण नव्हे, अक्षराचंच चिन्ह पाठवायचं. मग ते अक्षर कोणत्या बटणानं निघेल हे सर्व्हर शोधत बसतो, आणि कधी कधी त्याला सापडतच नाही. रस्टडेस्क या तशाच प्रोग्रॅममधले ‘मॅप’ (बटण पाठवणारा) आणि ‘ट्रान्सलेट’ (अक्षर पाठवणारा) हे पर्याय म्हणजे याच दोन वाटा. इनस्क्रिप्टवाल्यांनी आधी मॅप लावून बघावं.

अडकलेली बटणं ही ‘दाबलं’ आणि ‘सोडलं’ वेगळं पाठवण्याची किंमत. आल्ट पुण्याला गेलं, टॅब इथल्या विंडोजनं घेतला, खिडकी बदलली आणि आल्ट सोडल्याची खबर तिकडे गेलीच नाही. मग साधं अक्षर दाबलं तरी मेनू उघडतो. डावी-उजवी कंट्रोल, आल्ट, शिफ्ट एकेकदा दाबून सोडा. तरी शंका असेल तर रिमोटवर ‘ओएसके’ (ऑन-स्क्रीन कीबोर्ड) चालवा. पडद्यावरच्या कीबोर्डात अडकलेलं बटण उजळलेलं दिसतं. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज सुरू होण्याची सूचना येते. चुकून होकार गेला की भरभर दाबलेली बटणं गाळली जातात. ते रिमोटवर सुरू झालं असेल तर बंदही तिथंच करायचं.

कंट्रोल-आल्ट-डिलीट मात्र इथलं विंडोज स्वतःजवळच ठेवतं, म्हणून रिमोटसाठी कंट्रोल-आल्ट-एंड. सर्व्हरच्या आत आणखी एक सर्व्हर उघडलेला असेल तर हेही पहिल्याच सर्व्हरवर थांबतं. तेव्हा आतल्या सर्व्हरवर ओएसके उघडायचा, खऱ्या कीबोर्डावर कंट्रोल-आल्ट धरून ठेवायचं आणि पडद्यावरच्या डिलीटवर माउसनं क्लिक करायचं.